कुशीवर झोपणाऱ्यांचा पहिला हॅमॉक: लांबी बघा, झोळ ठेवा, तिरपे झोपा

या भागाचं हे लेखी रूप. लोकलमध्ये उभं राहून ऐकताना आकडे लिहून घेता येत नाहीत, म्हणून ते सगळे इथे नीट दिलेत. खरेदी करताना फोनवर हे पान उघडं ठेवा.

आजचा विषय पहिला कॅम्पिंग हॅमॉक. तोही माझ्यासारख्या माणसासाठी, जो कुशीवर झोपतो आणि एका कुशीवर फार वेळ टिकत नाही. इंटरनेटवर हॅमॉकचा जो फोटो दिसतो, त्यात माणूस उताणा, हात डोक्यामागे, चेहऱ्यावर हसू. आपण तसे झोपत नाही. मग आपल्याला हॅमॉक जमेल का?

जमतो. पण मला ते पहिल्या रात्री कळलं नाही, आणि त्याची किंमत जवळजवळ महागात पडली असती. तिथूनच सुरू करतो.

पहिली रात्र, आंबिवली

दिवाळीनंतरचा शनिवार होता. मी आणि एक मित्र बाइकवर कर्जतहून कशेळेमार्गे आंबिवलीला गेलो. पेठचा किल्ला, म्हणजे कोथळीगड, त्याच्या पायथ्याचं हे गाव. गावाजवळ एका काकांच्या शेतात राहायची परवानगी घेतली होती. मित्राने तंबू लावला. मी माझा नवा कोरा हॅमॉक काढला. हजाराच्या आतला, ऑनलाइन घेतलेला, २७० सेंटिमीटर लांब आणि १४० रुंद. मी दोन झाडांमध्ये तो चांगला ताणून बांधला. माझं लॉजिक साधं होतं: जितका ताणलेला तितका सपाट, आणि सपाट म्हणजे गादीसारखा.

आत शिरलो आणि केळं झालो. उताणा होतो तोवर ठीक होतं. कुशीवर वळलो की खांदे दोन्ही बाजूंनी दाबले जायचे, कंबर खाली जायची, आणि जरा जास्त वळलो की सगळा हॅमॉक उलटायला बघायचा. एकदा खरंच उलटला. शेवटी साडेतीनच्या सुमारास मी वैतागून खाली प्लॅस्टिक अंथरलं आणि जमिनीवर आडवा झालो.

काका पाणी प्यायला उठले होते. बॅटरी मारून म्हणाले, "ए बाबा, उघड्यावर खाली नको झोपू. रात्रीची मण्यार फिरते इथं."

"काका, वर झोपच लागत नाही."

"मग पडवीत ये. ही घे गोधडी."

मण्यारीची भीती पोकळ नाही. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, आणि त्याचा दंश अनेकदा दुखतही नाही. झोपेतल्या माणसाला कळतच नाही. रायगडसारख्या भागात जमिनीपासून वर झोपण्याला अर्थ आहे तो यामुळे.

सकाळी चहा पिताना काकांनी माझा हॅमॉक बघितला आणि हसले. "ही झोळी एवढी ताणून कशाला बांधलीस? कपडे वाळवायचेत का? पोराची झोळी बांधताना आम्ही ढिली सोडतो." तेव्हा मीही हसलो. ते बरोबर होते हे मला नंतर, आकडे मांडल्यावर समजलं.

पण त्याआधी परतीचा रस्ता होता. कर्जतहून चौक, तिथून जुना मुंबई–पुणे हायवे, आणि पुढे पनवेल. मी चालवत होतो. चौकच्या अलीकडे माझे डोळे मिटले. किती वेळ, माहीत नाही. मागच्या ट्रकचा हॉर्न आणि मित्राचा खांद्यावर बसलेला फटका एकदमच आले. बाइक रस्त्याच्या कडेच्या मातीवर होती. आम्ही चौकात टपरीवर थांबलो, चहा घेतला, आणि अर्धा तास कोणीच काही बोललं नाही. मग पुढे मित्राने चालवली.

म्हणून सांगतो, कॅम्पिंगमध्ये नीट झोप लागणं ही चैन नाही. आपल्यातले बहुतेक जण शनिवारी रात्री बाहेर झोपतात आणि रविवारी स्वतः गाडी चालवत परत येतात. झोपेची सोय हा सुरक्षिततेचाच भाग आहे.

काका बरोबर का होते

आता गणित. घाबरू नका, बारावीचंच आहे.

हॅमॉकमध्ये तुम्ही झोपलात की तुमचं वजन दोन्ही बाजूंचे पट्टे उचलतात. पट्टा आडव्या रेषेशी किती अंशाचा कोन करतो, त्यावर त्याच्यातला ताण ठरतो. ७० किलोचा माणूस धरू:

- ४५ अंश: प्रत्येक पट्ट्यावर सुमारे ५० किलो
- ३० अंश: बरोबर ७० किलो
- १० अंश: सुमारे २०० किलो
- ५ अंश: सुमारे ४०० किलो

म्हणजे मी ताणून बांधला तेव्हा झाडं, पट्टे, हुक, शिलाई या सगळ्यांवर माझ्या वजनाच्या तिप्पट ओढ होती. आणि एवढं करून सपाटपणा मिळाला नाहीच. ताणलेल्या कापडाच्या कडा आत ओढल्या जातात आणि खांदे दाबतात. शिवाय शरीर टांगलेल्या टोकांच्या जवळजवळ रेषेत येतं, म्हणून जरा हललं की उलटतं. ढिल्या हॅमॉकमध्ये शरीर त्या रेषेच्या बरंच खाली असतं आणि बाजूचं कापड वर येतं. तिथून पडणं कठीण. रात्रभर कूस बदलणाऱ्याला हाच फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

लक्षात ठेवायचा आकडा एकच: ३० अंश. फोनसाठी कोन मोजायचं ॲप मिळतं. फोनची कड पट्ट्याला लावा आणि वाचा. सुरुवातीला "फारच लोंबतंय" असं वाटेल. वाटू द्या.

सपाट झोपायचं तर तिरपं झोपा

दुसरी गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर काकांची गोधडी लागली नसती. हॅमॉकमध्ये मधल्या रेषेत झोपायचंच नसतं. डोकं थोडं डावीकडे, पाय थोडे उजवीकडे, किंवा उलट. मधल्या रेषेपासून साधारण २० ते ३० अंश तिरपं. असं झोपलं की अंगाखालचं कापड पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट होते.

ही काही नवी युक्ती नाही. 'हॅमॉक' हा शब्दच कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या 'हमाका'वरून आला. १४९२ मध्ये कोलंबस तिथे पोचला तेव्हा लोक अशा जाळ्यांमध्ये झोपत होते. मेक्सिकोतल्या युकातानमध्ये आजही घराघरात हॅमॉक हेच अंथरूण असतं, आणि तिथले लोक त्यात तिरपेच झोपतात.

कुशीवर झोपणाऱ्याला तिरपं झोपणं जास्तच गरजेचं आहे. पाठीचा कणा पुढेमागे थोडा वाकलेला चालतो, म्हणून उताणा माणूस केळ्याच्या आकारात रात्र काढू शकतो. कुशीवर असताना तोच बाक कण्याला आडवा वाकवतो. सकाळी कंबर बोलते.

पण तिरपं झोपायला जागा लागते, आणि इथेच खरेदीचा प्रश्न येतो.

मग घ्यायचा कोणता?

पहिली अट: लांबी. २६०–२७० सेंटिमीटरचे, म्हणजे साडेआठ-पावणेनऊ फुटांचे हॅमॉक दुपारी पुस्तक वाचायला छान. रात्रभर कुशीवर झोपायला नाही. सहा फुटांपर्यंतच्या माणसाने ११ फूट, म्हणजे ३३५ सेंटिमीटर, एवढी कापडाची लांबी शोधावी. 'कापडाची' हा शब्द महत्त्वाचा. काही ठिकाणी दोऱ्यांसकट लांबी लिहिलेली असते. विकणाऱ्याला विचारा, कापड किती?

दुसरी: रुंदी. दीड मीटरच्या आसपास हवी. जाहिरातीत 'डबल' म्हणतात ते दोन माणसांसाठी समजू नका. एका अस्वस्थ माणसासाठी तेवढी रुंदी लागतेच.

तिसरी: दुहेरी थर. म्हणजे कापडाचे दोन पदर, मध्ये मॅट सरकवायला फट. एकेरी थराच्या हॅमॉकमध्ये मॅट अंगाखाली ठेवली तर तिसऱ्यांदा कूस बदलेपर्यंत ती पायाशी जाते. दोन थरांमध्ये ती जागेवर राहते. वजन थोडं वाढतं, पण आपण हिमालयात चाललेलो नाही, कर्जतला चाललोय. दुसरा फायदा असा की पातळ एकेरी कापडातून डास खालून चावतात. दुहेरी थर आणि मध्ये मॅट असली की पाठ वाचते.

चौथी: मधली दोरी. हॅमॉकच्या दोन टोकांना जोडणारी, न ताणली जाणारी, ठरावीक लांबीची दोरी. तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या ८३ टक्के ठेवतात. ११ फुटांच्या हॅमॉकला ती सुमारे २७८ सेंटिमीटर येते. ही दोरी असली की झाडं जवळ असोत की लांब, झोळ दर वेळी तेवढीच राहते. तयार नसेल तर स्वतः बांधता येते, पण नायलॉनची घेऊ नका, ती ताणते. पॉलिस्टरची घ्या. आत बसल्यावर ती बोटांनी थोडी वाकली पाहिजे. तारेसारखी टणक झाली तर पट्टे ढिले करा. मच्छरदाणी, टोपी, हेडलॅम्प सगळं तिलाच अडकवता येतं, आणि कूस बदलताना जाळी तोंडावर येत नाही.

पाचवी: पट्टे. दोरी झाडाची साल कापते, म्हणून पट्टाच हवा, किमान २.५ सेंटिमीटर रुंद. इथेही पॉलिस्टर. नायलॉनचा पट्टा ओला झाला की आणखी ताणतो आणि पहाटे तुम्ही जमिनीला टेकता. टप्प्याटप्प्यावर फास शिवलेले पट्टे मिळतात. पहिल्या हॅमॉकला तेच सोपे, गाठी शिकाव्या लागत नाहीत.

आणखी दोन प्रकार दिसतील. एक पुलासारखा, ज्यात डोक्याशी आणि पायाशी आडव्या काठ्या असतात. दुसरा असा की ज्यात तुम्ही झाडांच्या रेषेला काटकोनात झोपता. दोन्ही सपाट असतात आणि कुशीवर झोपणाऱ्यांना आवडतात. पण ते जड आहेत, महाग आहेत, आणि आपल्याकडे हात लावून बघायला सहसा मिळत नाहीत. पहिला म्हणून घेऊ नका. बागेतला लाकडी काठ्यांचा जाळीदार हॅमॉक तर कॅम्पिंगसाठी विसराच. त्यात कूस बदलणं म्हणजे जमिनीवर उतरणं.

सुती कापडाचे रुंद हॅमॉक अंगाला फार सुखाचे वाटतात. घराच्या गॅलरीसाठी जरूर घ्या. पण पिशवीत जड होतात, आणि एकदा दवात भिजले की लवकर वाळत नाहीत.

थंडी खालून येते

"कर्जतला कसली थंडी?" असं मीही म्हणायचो. हॅमॉकमध्ये पाठीखाली जमीन नसते, वारा असतो. स्लीपिंग बॅगचा अंगाखालचा भाग वजनाने दबतो आणि ऊब धरत नाही. त्यामुळे पारा २० अंशांच्या आसपास असला तरी पहाटे पाठ गार पडते. डिसेंबर-जानेवारीत तर नक्कीच.

उपाय म्हणजे फोमची मॅट. योगा मॅट चालते, पण कुशीवर झोपणाऱ्यांची एक अडचण आहे. गुडघे आणि खांदे मॅटच्या बाहेर जातात. मी जुन्या मॅटचा एक तुकडा कापून खांद्यांच्या जागी आडवा ठेवतो. एकूण आकार इंग्रजी टी सारखा होतो. दिसायला गबाळं, पण काम करतं. छोटी उशी डोक्याला आणि एक गुंडाळलेला जाकीट गुडघ्यांमध्ये ठेवला की कंबर सरळ राहते.

झाड आणि जागा

दोन झाडांत ४ ते ५ मीटर अंतर हवं. पट्टा किती उंच बांधायचा त्याचं सोपं सूत्र: अंतराचं निम्मं गुणिले ०.५८, अधिक ४५ सेंटिमीटर. साडेचार मीटर अंतर असेल तर सुमारे १७५ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फुटांच्या जरा वर. बसल्यावर बूड खुर्चीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर असलं पाहिजे. त्याहून उंच बांधायचा मोह टाळा. पडलात तर खुर्चीतून पडल्यासारखं पडा, माळ्यावरून नको.

झाड जिवंत हवं आणि खोड दोन्ही हातांच्या पंजांत मावणार नाही इतकं जाड. ऐन, जांभूळ, आंबा, जाड साग चांगले. शेवग्याला बांधू नका, तो सहज मोडतो. वर वाळलेली फांदी लटकतेय का, बॅटरी मारून बघा. आंब्यावर पानं शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी असतील तर दुसरं झाड शोधा. घरी सराव करताना खिडकीची ग्रिल आणि गच्चीवरचा विटांचा खांब दोन्ही नकोत. ३० अंशांतसुद्धा ७० किलोचा माणूस प्रत्येक बाजूला सुमारे ६० किलो आडवी ओढ देतो, आणि विटांचा खांब आडव्या ओढीसाठी बांधलेला नसतो.

आता जागा. चौकच्या त्या टपरीवरून समोर इरशाळगड दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या अंगावरच्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५० हून जास्त माणसं सापडलीच नाहीत. ती माणसं स्वतःच्या घरात होती. आपण हौसेने जातो, निवड आपल्या हातात असते. खालापूर आणि कर्जतच्या डोंगरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत उतारावर, कड्याखाली, ओढ्याच्या काठी रात्र काढू नका. टार्प कितीही चांगला असो. हॅमॉकचा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आणि जमीन कोणाची आहे ते विचारा. वनखात्याच्या जंगलात परवानगीशिवाय मुक्काम नको. शेतात काका-मावशींना विचारलं की बहुतेक वेळा झाडासोबत चहाही मिळतो.

दुसरी रात्र

जानेवारीत मी परत आंबिवलीला गेलो. ११ फुटी, दुहेरी थराचा हॅमॉक, मधली दोरी, टी आकाराची मॅट. पट्टे ३० अंशांवर. बूट पिशवीत घालून दोरीला टांगले, कारण रात्रभर जमिनीवर ठेवलेल्या बुटात काय शिरेल सांगता येत नाही.

खरं सांगतो, घरच्या गादीइतकी झोप लागली नाही. चार-पाच वेळा जाग आली. पण दर वेळी कूस बदलून पुन्हा डोळा लागला. कूस बदलायची एक पद्धत आहे: लोळायचं नाही, गुडघे दुमडायचे, कंबर किंचित उचलायची आणि जागच्या जागी फिरायचं. दोन रात्री घरी सराव केला की अंगवळणी पडतं. पोटावर मात्र झोपता येत नाही. तुम्ही फक्त पोटावरच झोपत असाल तर पैसे वाचवा आणि तंबू घ्या.

सकाळी काका आले, झोळ बघितली, पट्टा हलवून पाहिला. "आता बांधलीस बघ झोळी." एवढंच म्हणाले.

परतताना बाइक मीच चालवली. चौकला थांबलो, पण फक्त चहासाठी.

खरेदीआधी स्क्रीनशॉट काढा

- कापडाची लांबी ११ फूट, रुंदी दीड मीटरच्या आसपास
- दुहेरी थर, मध्ये मॅटची फट
- ठरावीक लांबीची मधली दोरी, हॅमॉकच्या ८३ टक्के
- पॉलिस्टरचे पट्टे, किमान २.५ सेंटिमीटर रुंद
- पूर्ण चेन असलेली मच्छरदाणी
- बांधताना ३० अंश, बसताना ४५ सेंटिमीटर, झोपताना तिरपं
- पहिली रात्र घराजवळ किंवा ओळखीच्या शेतात, जिथे नाहीच जमलं तर पडवी आहे

आणि रात्री झोप झाली नसेल तर सकाळी गाडी दुसऱ्याला द्या, नाहीतर कर्जतहून लोकल पकडा. गाडी नंतर नेता येते.

भेटू पुढच्या भागात. तोवर कुशीवर झोपा, पण सुखाने झोपा!